सुट्टीची घंटा

पन्नाशी ही मोठी चमत्कारिक चीज आहे. चाळिशी लागते ती डोळ्यांना. पन्नाशी लागते ती घरच्या माणसांना. ज्याला पन्नास पुरी होणार असतात तो बिचारा रोजच्यासारखा सकाळी उठून दाढी करीत असतो, आणि त्याच्या पाठीमागे स्वयंपाकघरात कुजबूज सुरू झालेली असते. हॉल किती वाजेपर्यंत मिळेल, केक बिनअंड्याचा सांगावा की काय, पन्नास दिव्यांनी ओवाळायचे तर एवढी निरांजने कुणाकडून आणावीत, एक ना दोन! या सगळ्यात उत्सवमूर्तीला काही विचारण्याची पद्धत नाही.

आमच्या मास्तरने ही पद्धत मोडली. गेल्या मार्गशीर्षात एका रात्री त्याचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाला, "सव्वीस जानेवारीला मला पन्नास पूर्ण होतात. केक कापणार नाही. डोंगर चढणार आहे. येतोस का?"

"कुठला डोंगर?"

"प्रतापगड."

प्रतापगड म्हटल्याबरोबर कुणाही मराठी माणसाला जो आठवतो तोच अफझलखान मलाही आठवला. मी म्हटले, "अरे, एका शनिवार-रविवारात नागपूरहून साताऱ्याला जाऊन यायचं म्हणजे—"

"साताऱ्याचा नव्हे रे! आमचा. अर्जुनी मोरगावचा. मराठीचा प्राध्यापक झालास आणि स्वतःच्या विदर्भातला प्रतापगड ठाऊक नाही?"

खरे सांगायचे म्हणजे नव्हता ठाऊक. वर्गात शिवकाल शिकवताना मी मुलांना सह्याद्रीच्या कड्याकपारींतून भरपूर हिंडवून आणतो. त्याला पायांचा उपयोग करावा लागत नाही. पण गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोठणगावाजवळ, या नावाचा एक डोंगर आहे, त्याच्यावर जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेवाचे ठाणे आहे, तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे, आणि महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, हे ज्ञान मला सत्तेचाळिसाव्या वर्षी फोनवरून झाले.

मास्तर हा आमच्या चौकडीतला वडील. १९९८ साली नागपुरात महालात आम्ही चौघांनी मिळून एक खोली घेतली होती. मी आणि मास्तर एम. ए. मराठीला, एक जण जनावरांच्या डॉक्टरीला आणि एक जण वाणिज्य शाखेला. जनावरांचा डॉक्टर आज डॉक्टरच आहे. वाणिज्यवाला बँकेत गेला, म्हणून तो बँकवाला. मास्तर आमच्याहून तीन वर्षांनी मोठा, कारण मधली वर्षे त्याने घरची धानशेती केली होती. खोलीत तो पहिल्यांदा आला तेव्हा भंडारा जिल्ह्याचा होता. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, आणि मास्तर झोपेतल्या झोपेत गोंदियाचा झाला. त्या सकाळी आम्ही त्याला 'परजिल्ह्यातला' म्हणून चहाचे पैसे द्यायला लावले होते. एम. ए.ला त्याचे गुण माझ्यापेक्षा अधिक होते. तरी मी महाविद्यालयात लागलो आणि तो जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत परत गेला. का गेला, हे मी त्याला कधी विचारले नाही. पुष्कळ वर्षांच्या मैत्रीत असे दोनतीन प्रश्न न विचारता ठेवलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी याच मास्तरची छाती उघडून बायपास करावी लागली.

म्हणून त्याच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन येणार, हे मी ओळखले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हृदयाच्या डॉक्टरांनी ह्यांना परवानगी दिली आहे. हळूहळू चढा म्हणाले. पण 'हळूहळू' हा शब्द ह्यांना कळतो का, तुम्हीच सांगा. मी आडवी येणार नाही. आडवी आले तर हे आणखी चढतील. तुम्ही एवढंच करा, अर्ध्यावर काहीतरी निमित्त काढून ह्यांना खाली आणा. एवढं वचन द्या."

मी दिले. फोनवर वचन देण्याला काहीच कष्ट पडत नाहीत.

ठरल्याप्रमाणे २५ जानेवारी २०२५ रोजी, शनिवारी, बँकवाल्याच्या गाडीतून आम्ही तिघे नागपूरहून निघालो. या सदराच्या वाचकांना माझा उजवा गुडघा चांगला परिचित आहे. त्याच्यावर मी निदान तीन लेख लिहिले आहेत. सौभाग्यवतीने गुडघ्याचा पट्टा पिशवीत घालून त्याला एक चिठ्ठी टाचली होती: 'हा लावावा. हा लावून चढू मात्र नये.' भंडारा गेले, साकोली गेली, कोहमाऱ्याला आम्ही दक्षिणेला वळलो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांनी साग दिसू लागला. सागाची पाने या दिवसांत पापडासारखी वाळून खाली पडतात. गाडीच्या वाऱ्याने ती उडाली की वाटते, कोणीतरी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी उधळतो आहे.

दुपारी नवेगावबांधला मास्तर आमची वाट पाहत उभा होता. गळ्याभोवती मफलर, डोक्याला कानटोपी. विदर्भात थंडीचा पहिला मान पुष्कळदा गोंदियाकडे जातो, आणि गोंदियाचे लोक तो मान कानटोपी घालून स्वीकारतात.

"काय बे!" मास्तर म्हणाला.

या 'बे'ची व्युत्पत्ती मला एकदा एका विद्यार्थ्याने विचारली होती आणि मी तास संपल्याचे निमित्त केले होते. पण त्याचा अर्थ मला तेव्हाही ठाऊक होता आणि त्या दुपारी तो पुन्हा एकदा पटला. वीसपंचवीस वर्षांत आपल्या नावामागे 'सर' लागलेले असते. ते एका अक्षराने खाली उतरवून ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

नवेगावबांधचा तलाव आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. नसेल तर अवश्य पाहावा. अकरा चौरस किलोमीटरांच्या आसपास पाणी, सभोवार डोंगर, आणि त्या डोंगरांच्या सात माथ्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. मला वाटत होते, निसर्गानेच हे पाणी कोंडून ठेवले असावे. मास्तर हसला. त्याच्या अंगात आता चौथीचा वर्ग संचारला.

"डोंगर निसर्गाचे. पाणी माणसाचं," तो म्हणाला. "अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथं कोलू पाटील कोहळी म्हणून होऊन गेला. डोंगर होतेच, पण दोन डोंगरांच्या मधून पाणी निघून जायचं. त्यानं काय केलं? जिथं जिथं फट होती तेवढीच बांधानं बुजवली. बाकीचं काम डोंगरांनी केलं. लोक म्हणतात, सात बहिणींनी त्याला हात दिला. आता त्याचाच देव झालाय. कोलासूर म्हणतात, त्याचं ठाणं आहे इथं."

मला ही गोष्ट फार आवडली. आपल्याकडे देव होण्यासाठी बहुधा कुणाला तरी मारावे लागते, नाहीतर निदान स्वतः मरावे लागते. इथे एका माणसाने मातीच्या टोपल्या वाहिल्या, आणि लोकांनी त्याला देव केले. भंडारा-गोंदियाकडचे कोहळी हे तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात पूर्वीपासून नामांकित. त्यांनी आणि इतरांनी बांधलेले असले हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ते 'माजी मालगुजारी' झाले. सरकारी कागदावर त्याचा संक्षेप झाला 'मामा तलाव'. नात्यागोत्याची माया सरकारी दप्तरात अशी चुकून शिरते!

बांधावर बसून आम्ही दुर्बिणीतून पक्षी पाहिले. थंडीत इथे दूरदेशीची बदके उतरतात. डॉक्टरने एक जोडी दाखवली. अंग केशरी, डोके फिकट. "चक्रवाक," तो म्हणाला. मी दुर्बीण जवळजवळ हिसकावूनच घेतली. रात्री एकमेकांपासून दुरावणारे आणि नदीच्या दोन तीरांवरून पहाटेपर्यंत हाका मारणारे संस्कृत काव्यातले ते विरही चक्रवाक वीस वर्षे वर्गात मी शिकवीत आलो होतो. पाहिले मात्र त्या दिवशी. आवाज अगदीच भोंग्यासारखा निघाला. त्यांना विरहाचे काही असेलसे वाटले नाही. दोघेही शेजारी शेजारी चिखलात चोची खुपसून जेवत होते.

रात्री विश्रामगृहात वांगी-पोपटाची भाजी, भात आणि जवसाची चटणी. (पोपट म्हणजे वालाच्या जातीची शेंग, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) जेवता जेवता बँकवाल्याने मोबाइलवर बातमी वाचली आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, चितमपल्लींना पद्मश्री!"

प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला पद्म पुरस्कारांची नावे जाहीर होतात. त्या संध्याकाळच्या यादीत मारुती चितमपल्लींचे नाव होते. योगायोग असा की ती बातमी आम्ही नवेगावबांधलाच ऐकत होतो. सोलापूरचा हा तेलुगू घरातला मुलगा वनाधिकारी होऊन या रानात आला, इथले माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांच्या संगतीत इथे हिंडला, आणि 'नवेगावबांधचे दिवस' त्याने मराठीला दिले. कावळ्यांची वसाहत ती 'काकागार', बगळ्यांची ती 'सारंगागार', असे शब्द त्यांनी घडवले. आम्ही शब्दकोशातून शब्द उचलतो, त्यांनी झाडांवरून उचलले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. बातमी आली तेव्हा त्यांचे वय ब्याण्णव होते.

मास्तर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ब्याण्णव. म्हणजे माझ्या वयाला त्यांची अजून बेचाळीस वर्षं बाकी होती."

त्यावर कुणी काही बोलले नाही. डॉक्टरने भात वाढला.

त्या रात्री मला झोप आली नाही. जवळच्या कुठल्यातरी गावात नाटक चालू होते. या भागाला झाडीपट्टी म्हणतात, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्र ही झोपण्यासाठी नसतेच. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. बैलांचा शंकरपट असला की त्या गावी रात्री नाटक हे ठरलेले. वाऱ्याबरोबर पेटीचे सूर यायचे, मध्येच खलनायकाचे हास्य यायचे. खाटेवर पडल्या पडल्या मी अर्ध्यावरचे निमित्त शोधीत होतो. गुडघ्याचे निमित्त सगळ्यांत सोयीचे. पण ते मास्तरने ओळखले तर?

सकाळी मास्तरच्या शाळेत झेंडावंदन होते. सव्वीस जानेवारीला जन्मल्यामुळे वाढदिवसाची सुट्टी त्याला आयुष्यात कधी मिळाली नाही. मात्र दर वाढदिवसाला राष्ट्रगीत होते आणि मुलांना गोळ्या वाटल्या जातात, असे तो म्हणे. १९७५ साली जन्मलेला हा. त्याच वर्षी नवेगावचे राष्ट्रीय उद्यान झाले. "दोघंही राखीव," असे त्याच्यावर डॉक्टरने भाष्य केले.

शाळा दोन खोल्यांची. झेंडा वर गेला, मुले ओळीने बसली. मास्तर खडूच्या रांगोळीचा डबा उचलायला वाकला, तर दोन मुली धावत आल्या आणि त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या गुरुजी, आमी नेतो." सतरंजी उचलायला गेला, तर मुलांनी तीही घेतली. मला ते फार गोड वाटले. मी तसे म्हटलेही. मास्तर नुसता हसला.

घरी वहिनींनी ओवाळले. पन्नास दिवे नव्हते. एकच निरांजन होते. निघताना त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावून एक गोळ्यांची पट्टी हातात दिली. "दुखलं तर एक जिभेखाली. ह्यांना सांगू नका की मी दिली." दहा गोळ्या होत्या. मी त्या शर्टाच्या डाव्या खिशात ठेवल्या.

प्रतापगडाकडे जाताना वाटेत तिबेटी लोकांची वसाहत लागते. १९७०च्या दशकाच्या आरंभापासून ही माणसे इथे धानाच्या मुलखात राहतात. घरांवर प्रार्थनेच्या रंगीत पताका आणि मागे सागाचे रान, असे चित्र मी दुसरीकडे कुठे पाहिलेले नाही. पुष्कळ दारांना कुलपे होती. "थंडी आहे ना," मास्तर म्हणाला, "स्वेटर विकायला शहरात गेलेत सगळे." मी स्वतःच्या स्वेटरकडे पाहिले. तो मी नागपुरात एका तिबेटी बाईकडून घासाघीस करून घेतला होता. 'हिमालयातला माल' म्हणून मी तो मिरवीत असे. बाई कदाचित इथली, गोठणगावची असेल.

दहाच्या सुमाराला आम्ही चढू लागलो. डोंगर काही फार उंच नव्हे. पण सपाट धानाच्या प्रदेशात त्याच्या अंगी एक रुबाब आहे. वाट यात्रेकरूंच्या पायांनी मळलेली. डॉक्टर आणि बँकवाला पुढे, त्यांच्यामागे मास्तर, शेवटी मी. मास्तर मोजून पावले टाकीत होता. शंभर झाली की थांबे, झाडाला हात टेकी, दम घेई, पुन्हा निघे. मी मागून त्याच्या मानेकडे पाहत होतो. घाम किती आला? उजवा हात छातीकडे गेला का? डोंगरावर मी काय पाहिले असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे: मास्तरची मान.

अर्ध्याहून थोडे पुढे एक सपाट खडक आला. मी संधी साधली. "आई गं!" असे म्हणून गुडघा धरला आणि बसलो. अभिनय झाडीपट्टीच्या तोडीचा झाला असावा, असे मला वाटले.

मास्तर माझ्या शेजारी येऊन बसला. पुढच्या दोघांना त्याने हात करून थांबायला सांगितले. खाली कापणी झालेल्या बांध्या पसरल्या होत्या. कुठे तणसाचे ढीग, कुठे धानामागून आलेल्या लाखोरीची निळी फुले. बराच वेळ तो तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "डाव्या खिशात आहेत ना?"

"काय?"

"गोळ्या. पायथ्यापासून तुझा हात दर पाच मिनिटांनी तिकडे जातोय. तुझं हृदय नाजूक झालं की काय, असं मला वाटायला लागलं होतं."

मी काय बोलणार!

"रागावलेलो नाही रे," तो म्हणाला. "सकाळी तू म्हणालास, मुलं किती गोड. आहेतच. पण दोन वर्षं झाली, माझ्या हातून खडूचा डबासुद्धा काढून घेतात. घरी बादली उचलायला गेलो की सगळे धावतात. मुलगी पुण्याहून फोन करते, 'बाबा, जेवलात का' नाही, 'बाबा, गोळी घेतली का.' सगळ्यांची माया आहे, मला ठाऊक आहे. पण मी चांगला झालोय, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही बरे आहात. ते ऐकून सगळे मला आणखी जपायला लागले."

आम्ही ललितवाङ्मयाची माणसे. अशा प्रसंगी उचित बोलता यावे म्हणून आयुष्यभर पुस्तके वाचतो, आणि प्रसंग आला की एकही वाक्य आठवत नाही. मी डाव्या खिशातून ती पट्टी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"ही तुझी आहे," मी म्हटले. "तुझ्याच खिशात ठेव."

त्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली, खिशात घातली, खिशाचे बटण लावले. "चल," म्हणाला.

मी उठायला गेलो, आणि वाचकहो, नियतीचा विनोद पाहा, गुडघा खरोखरीच उठेना. खोटे दुखणे इतक्या निष्ठेने दाखवले होते की खऱ्याला ते मानवले असावे. पट्टा पिशवीत होता आणि पिशवी गाडीत.

"तू बस," मास्तर म्हणाला. "मी या दोघांबरोबर वर जाऊन येतो. वर महादेवापाशी पोचलो की घंटा वाजवीन. म्हणजे तुला कळेल."

"दर्शनाला आलेले दुसरेही वाजवतात. तुझी कोणती, हे मला कसं कळणार?"

"कळेल," तो म्हणाला आणि निघाला. मी वहिनींना दिलेले वचन माझ्या डोळ्यांदेखत शंभर शंभर पावलांनी वर चालले होते. वळणावर त्याचा मफलर दिसला, मग तोही दिसेनासा झाला. डॉक्टर बरोबर होता, हा एक आधार. पण तो जनावरांचा, हे आठवून तो आधारही डळमळला.

मोबाइलला रेंज नव्हती. घड्याळाचा काटा पुढे सरकेना. दहा मिनिटे. पंधरा. वर एकदा घंटा वाजली, एकच टोला. ती नव्हे. मला आता सगळे स्वच्छ दिसू लागले होते: मास्तर वर कुठेतरी झाडाखाली बसला आहे, पट्टीवरची गोळी सुटत नाही, दोघे धावाधाव करताहेत. उद्या वहिनींसमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहणार? 'त्याला मोकळे वाटावे म्हणून जाऊ दिला' हे वाक्य निबंधात शोभते. दारात उभ्या असलेल्या बाईला ते सांगता येत नाही.

डोक्यावर काड्यांची मोळी घेतलेली एक म्हातारी वाटेने खाली येत होती. मला पाहून थांबली.

"एकटेच बसले जी?"

"मित्र वर गेलेत, माय. माझा गुडघा धरलाय."

"मंग बसा. महादेव काई पळून जात नाई." तिने मोळी उतरवली आणि समोरच्या दगडावर टेकली. "वर तिघं भेटले मले. एक कानटोपीवाला हाय, तोच का तुमचा दोस्त?"

"तोच! कसा होता? बसला होता का?"

"बसते कायले? माही मोळी उचलून देली त्यानं डोक्यावर. मनलं, राहू द्या गुरुजी. तं मनते, 'नाई माय, मले उचलू दे.'"

तिला हसू आले. मला हसावे की रडावे ते कळेना. मोळी चांगली भारी होती; ती परत निघाली तेव्हा मी उचलून दिली, म्हणून सांगतो.

ती वळणाआड गेली असेल नसेल, तोच वरून घंटा वाजली. एक टोला नव्हे, दोन नव्हेत. टण टण टण टण टण— न थांबता, घाईघाईने, एकसारखी. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण अंगावर काटा आला, कारण ती घंटा मी ओळखली. आपण सर्वांनीच ती कधी ना कधी ऐकलेली आहे आणि तिच्यासाठी दिवसभर कान टवकारून बसलेलो आहोत. शाळा सुटल्याची घंटा ती! पंचवीस वर्षे रोज संध्याकाळी पोरांसाठी वाजवलेली सुट्टीची घंटा मास्तर आज महादेवाच्या दारात स्वतःसाठी वाजवीत होता.

डोंगराखाली कुठे तरी एका पोराने हुर्रर्र केल्याचे मला ऐकू आले. कदाचित भास असेल.

ते तिघे खाली आले तेव्हा मास्तरचा चेहरा लाल झाला होता आणि कानटोपी हातात होती. वरून इटियाडोहचे पाणी दिसते म्हणाला. दर्ग्यापाशीही डोके टेकवून आला. गोळ्यांचे मी विचारले नाही. माझ्या एका बगलेखाली डॉक्टरने हात घातला, दुसऱ्या बगलेखाली मास्तरने, आणि अशा थाटात, ज्याची पन्नाशी होती त्याच्याच खांद्यावर, मी प्रतापगड उतरलो. बँकवाल्याने त्याचे छायाचित्र काढले आहे. ते मी या लेखाबरोबर देण्यास संपादकांना साफ नकार दिला.

वहिनी फाटकात उभ्या होत्या. त्यांनी आधी मास्तरकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग माझ्या गुडघ्याकडे. मास्तर हातपाय धुवायला आत गेला. मी तिथेच सगळे सांगून टाकले. अर्ध्यावर थांबवले नाही, वर जाऊ दिले, शिवाय गोळ्याही त्याच्याच हातात दिल्या. वचन मोडले.

वहिनी काही बोलल्या नाहीत. अंगणात तांदूळ वाळत होता, तो त्यांनी उगाच हाताने पसरला. मग विचारले, "घंटा वाजवली म्हणता. मोठ्यानं वाजवली का?"

"खालपर्यंत ऐकू आली."

"दम न घेता?"

"एकसारखी."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसून चहा टाकायला गेल्या.

त्याला आता नऊ महिने होत आले. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात चितमपल्ली गेले. मास्तरने त्या दिवशी फोन केला होता. नवेगावच्या बांधावर जाऊन बसलो होतो म्हणाला, पाऊस अजून लागला नव्हता. त्या शाळेत आता डबा मास्तर उचलतो आणि मुले सतरंजी, अशी वाटणी झाली आहे. बादलीबाबत घरी वाटाघाटी चालू आहेत.

परवा दिवाळीच्या फराळाचे बोलावणे करायला वहिनींचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "येत्या जानेवारीत मीही येणार आहे बरं का, भाऊजी. ह्यांनी एकट्यानंच किती घंटा वाजवायच्या?"

मी अवश्य म्हटले. माझ्या गुडघ्याचे काय, हे त्यांनी विचारले नाही. घरी मात्र चिठ्ठी बदललेली आहे. परवा पट्टा काढून पाहिला, तर त्याला टाचलेल्या कागदावर सौभाग्यवतीच्या अक्षरात लिहिले होते: 'दोन पट्टे घ्यावेत. मीपण येत आहे.'